चार तारांचे मन्मथअप्पा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मन्मथअप्पांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतातली जळालेली पाण्याची मोटार घेऊन जायची, अप्पा तिच्यातली काळी पडलेली तार काढून नवी भरून देतात. लातुरात अशी दुकानं मोप आहेत. पण दारात पत्र्याची पाटी टांगणारं हे एकच. पाटीवर ऑइलपेंटनं ठळक लिहिलंय : ‘मोजायलोय. बोलू नका.’

पाटी लागली की चाकूरहून मोटार घेऊन आलेला शेतकरीसुद्धा मुकाट्यानं बाकावर बसतो. आत अप्पा हातानं फिरवायचं छोटं यंत्र पुढ्यात घेऊन बसलेले असतात. केसाहून बारीक तांब्याची तार आगपेटीएवढ्या रिळावर गुंडाळली जात असते आणि अप्पांचे ओठ हलत असतात. ते काम मोटारीचं नसतं, पिकअपचं असतं. बास गिटारच्या तारांखाली एक चुंबकाचा तुकडा बसवलेला असतो. तारेची थरथर पकडून तो अँप्लिफायरकडं पाठवतो. त्याच्याभोवती तारेचे हजारो फेरे लागतात. यंत्राला आकडा दाखवणारी खिडकी आहे, पण अप्पांचा तिच्यावर विश्वास नाही.

“ते मशीन हाय. चुकलं तर त्याला काय लाज वाटणारे का?”

हे सगळं मला नंतर कळलं. आम्ही गल्लीत नव्यानं राहायला आलो तेव्हा मी आपली जळालेला मिक्सर घेऊन दुकानात गेले, पाटी वाचली नाही आणि मोठ्यानं म्हटलं, “नमस्कार!”

अप्पांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, ताटात वाढलेलं मांजरानं पळवल्यावर माणूस पाहतो, तसं.

“सहा हजार दोनशे झाले होते, म्याडम.”

मी माफी मागितली. त्यांनी सगळी तार उलगडली, पुन्हा पहिल्यापासून धरली आणि म्हणाले, “बसा. आता दोघं मोजू. एक चुकला तर दुसरा हाय.” मी कॉलेजात मराठी शिकवते. आयुष्यात शंभराच्या पुढं कधी काही मोजलं नव्हतं. त्या दिवशी आठ हजारांपर्यंत मोजलं. मिक्सर तसाच घरी आणला. पण ओळख झाली ती पक्की.

तरुणपणी अप्पा एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचे. लातूर, कंधार, उदगीर, देगलूर, जिथं गणपती, जिथं जत्रा, तिथं टेम्पोत बसून जायचं. स्टेजवर जागा मागं, पडद्याला चिकटून. “गाणारी लोकांना दिसायची. ढोलकीवाला दिसायचा. मी कुनालाच दिसत न्हवतो. एकदा लाइटवाल्यानं माझ्याच खांद्यावर वायर टांगली. खांब समजला.” एवढं सांगून अप्पा पोट हलवत हसतात.

कंधारच्या जत्रेत एकदा त्यांच्या गिटारचा पिकअप जळाला. तिथल्या एका मोटार भरणाऱ्या मिस्त्रीकडं गेले. मिस्त्री म्हणाला, ही तर मोटारीचीच धाकटी बहीण. दोघांनी मिळून तो भरला. अप्पांनी तिथंच बसून विद्या शिकून घेतली. पुढं कीबोर्ड आले, एकाच माणसाच्या डाव्या हातानं बासचं काम होऊ लागलं, ऑर्केस्ट्रा मोडला. अप्पांनी दुकान टाकलं. घर मोटारींवर चाललं, पण जीव त्या आगपेटीएवढ्या रिळावर राहिला.

आज पुण्याहून, हैदराबादेहून त्यांच्याकडं पार्सलं येतात. कुणाचा पिकअप गुणगुण करतो, कुणाचा मेलाय. अप्पा तो भरतात, स्वतःच्या बास गिटारला लावून बघतात आणि पाठवून देतात. सोबत चिठ्ठी. एक चिठ्ठी मी वाचलीय : ‘पिकअप चांगला आहे. तुम्ही तार लई जोरात ओढता. हळू वाजवा.’

त्यांच्या कपाटात डबल बासच्या तारांचा एक पुडा आहे. डबल बास म्हणजे माणसाएवढं उभं वाद्य, कवेत धरून वाजवायचं. अप्पांनी ते आयुष्यात एकदाच पाहिलं, हैदराबादेत, एका लग्नाच्या हॉलमध्ये. वाजवणाऱ्यानं यांना ते धरून दोन मिनिटं उभं राहू दिलं. दुसऱ्या दिवशी अप्पा दुकानं पालथी घालून तारा घेऊन आले.

“पण अप्पा, वाद्य?”

“तारा तर आणल्या. वाद्य बी हळूहळू हुईल.”

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. पुडा दर दसऱ्याला पुसून परत ठेवतात.

मागच्या वर्षी आमच्या कॉलेजला स्नेहसंमेलनासाठी बास गिटार आणि अँप्लिफायर घ्यायचं ठरलं. सांस्कृतिक विभाग माझ्याकडं. मला बास आणि साधी गिटार यांतला फरक एवढाच माहीत, की एकीला तारा चार आणि दुसरीला सहा. वैष्णवी नावाची बी. एस्सी.ची मुलगी बास वाजवणार होती. मोबाइलवर बघून, मामेभावाच्या गिटारवर शिकलेली. प्राचार्य म्हणाले, “म्याडम, काय घ्यायचं ते घ्या, पण दिसायला भारी पाहिजे. लाइट-बिट लागणारं.”

मी अप्पांना विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला अप्पा इस्त्रीचा सदरा घालून बसस्टँडवर माझ्या आधी हजर. आम्ही नांदेडला निघालो.

दुकानातल्या विक्रेत्यानं चकचकीत लाल गिटार काढली. “घ्या सर. एकदम बूम बास आहे.”

“बूम नको,” अप्पा म्हणाले. “बूम फटाक्यात बी असतो. सूर पायजे.”

मग परीक्षा सुरू झाली. गिटारची मान डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून, शेताचा बांध सरळ आहे का बघावा तसं पाहिलं. तार दोन्ही टोकांना दाबली आणि माझ्याकडं हात केला. “म्याडम, बसचं तिकीट.” मी दिलं. तारेच्या आणि पट्टीच्या मधल्या फटीतून त्यांनी तिकीट सरकवलं. ते सैल गेलं. “मान वाकलीय.” दुसरी गिटार. तिकीट अडकलं. तिसऱ्या गिटारीत ते अलगद गेलं, तेव्हा अप्पांनी गिटारच्या लाकडाला हनुवटी टेकवली, तार छेडली आणि डोळे मिटून घेतले. विक्रेता माझ्याकडं बघायला लागला. मी छताकडं.

“ही बोलती,” अप्पा म्हणाले. रंग मळकट तपकिरी होता.

मग त्यांनी नव्या गिटारच्या तारा काढायला लावल्या. त्या खरबरीत होत्या. त्यांनी चपट्या, गुळगुळीत तारा मागितल्या. विक्रेता म्हणाला, “सर, आजकाल या कुणी घेत नाही. खरबरीत तारांना चमक असते.”

“बोट सरकलं की किरकिर होती तिला. गाणाऱ्या पोरीच्या आवाजावर ओरखडा कामून पाडायचा?”

विक्रेत्यानं तारा बदलून दिल्या.

अँप्लिफायरची गोष्ट वेगळीच. अप्पांनी गिटार माझ्या गळ्यात अडकवली. “ही जाड तार. एकदा वाजवायची. थांबायचं. मी हात केला की परत.” आणि ते दुकानातून बाहेर पडून रस्ता ओलांडून पलीकडं केळीच्या गाड्यापाशी जाऊन उभे राहिले. “जवळून सगळेच चांगले वाटतात,” जाताना म्हणाले.

सुती साडीत, गळ्यात बास गिटार, भर दुपारी नांदेडच्या रस्त्याकडं तोंड करून मी उभी. मी तार वाजवायची, मधून चार ऑटो जायचे, पलीकडून अप्पा हात हलवून ‘न्हाई’ म्हणायचे. माझी एक जुनी विद्यार्थिनी तेवढ्यात स्कूटरवरून गेली. तिनं मान वळवून वळवून पाहिलं. मी हसले. दुसरं काय करणार?

रंगीत दिवे लागणारा अँप्लिफायर नापास झाला. त्याच्यापेक्षा मोठाही झाला. शेवटी विक्रेत्यानं कोपऱ्यातून एक जुनाट, काळा, झाकणाचा कपडा विटलेला डबा काढला. दाखवायलाही त्याला संकोच वाटत होता. मी तार वाजवली. रस्त्यापलीकडं अप्पा काही न करता नुसते उभे. मी परत वाजवली. आता केळीवालाही आमच्याकडं बघत होता. अप्पा हळूहळू रस्ता ओलांडून आले.

“केळीवाल्याच्या तराजूचं पारडं हललं,” ते म्हणाले. “त्यानंच मला दाखिवलं. घ्या हा.”

तेवढ्यात प्राचार्यांचा फोन. “लाइटवाला मिळाला ना?” मी अप्पांकडं पाहिलं. ते त्या काळ्या डब्यावरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसत होते. मी म्हटलं, “सर, त्याहून चांगला मिळाला.” नोकरीच्या एकोणीस वर्षांत प्राचार्यांशी एवढं गोलमोल मी कधी बोलले नव्हते.

संमेलन दुपारी, मैदानातल्या मांडवात होतं. तो काळा डबा पाहून प्राचार्यांचं तोंड उतरलं. गाणं सुरू झाल्यावर पहिल्या रांगेतून ते मागं वळून मला म्हणाले, “म्याडम, ते बास नक्की वाजतंय का? मला तर ऐकूच येईना.” सगळ्या कमिटीच्या देखत. मी मागं वळून पाहिलं. अप्पा शेवटच्या रांगेत बसले होते.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर मंडपवाल्याच्या माणसाचा पाय वायरीत अडकला आणि अँप्लिफायरचा प्लग निघाला. गाणं थांबलं नाही. गाणारी गात होती, कीबोर्ड, ढोलकी सगळं चालू. पण एकदम सगळं पातळ झालं. पाणी जास्त पडलेल्या वरणासारखं. टाळ्या वाजवणारी पोरं थबकली. पुढं ठेका धरलेले पाय थांबले. काय गेलं ते कुणालाच कळेना. प्राचार्य इकडंतिकडं बघून म्हणाले, “आवाज का पडला हो?”

मी धावले आणि प्लग खोचला. खालून सूर वर आला आणि मांडव भरला. पाय परत हलायला लागले.

“आता बरं वाटतंय,” प्राचार्य म्हणाले. “काय केलंत?”

“बास चालू केला, सर.”

त्यांनी पुढची दोन गाणी मान हलवत ऐकली.

मला वाटलं, अप्पा आता विजयी मुद्रेनं येतील. ते आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात भेटले. पाटी लागलेली नव्हती. मी प्लगची गोष्ट काढली. अप्पांना तिचं काही नव्हतं.

“पोरगी बघितली का तुमी? प्लग निघाला, तिचा आवाज बंद झाला, पण हात थांबला न्हाई. गाणारीकडं बघत वाजवतच होती. कुनाला ऐकू येवो न्हाईतर न येवो.” त्यांनी रीळ यंत्राला लावलं. “लई गुणाची हाय.”

तेव्हापासून वैष्णवी दर शनिवारी त्यांच्याकडं शिकायला येत होती. जूनमध्ये तिला पुढच्या शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला प्रवेश मिळाला. अप्पांनी तिला स्वतः भरलेला पिकअप दिला आणि बसमध्ये बसवून आले.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी आमच्या बोअरची मोटार बंद पडली. दुकान बंद होतं. मागंच अप्पांचं घर. दार उघडं, आतून बासचा आवाज. मी उंबऱ्यात उभी राहिले. अप्पा बाजेवर बसून वाजवत होते. मला पाहून थांबले नाहीत. नजरेनंच ‘बसा’ म्हणाले.

चार-पाच मिनिटं ते वाजवत राहिले. मग म्हणाले, “वळखा बरं, कोनतं गाणं?”

मला काही ओळखता आलं नाही. नुसत्या बासवरून गाणं ओळखायचं म्हणजे नुसत्या पायऱ्या बघून घर ओळखायचं.

“न्हाईच येणार वळखता,” अप्पा म्हणाले. “कुनालाच येत न्हाई. वैष्णवीला बी येत न्हवतं. हिला यायचं.”

त्यांनी भिंतीकडं पाहिलं. तिथं त्यांच्या बायकोचा, कमलबाईंचा फोटो होता. मी त्यांना कधी पाहिलं नाही; आम्ही इथं यायच्या आधीच त्या गेल्या.

“ती तिकडं भाकरी थापायची. मी हितं बसून चार सूर वाजवले, की आतून गायला लागायची. एकदा बी चुकली न्हाई. म्हणून मी रोज नवीन काढायचो. हिला फसवायला.” ते तारांवर हात ठेवून बसले. “आता वाजवतो, पण वर गाणारं कुनी नसतंय.”

बाहेर दूधवाल्याची घंटा वाजली, गेली.

“म्याडम, तुमी म्हणता का काहीतरी?” अप्पांनी एकदम विचारलं. “कायबी. गाणं येत नसलं तरी चालतंय.”

“अप्पा, माझा सूर भयंकर आहे हो. घरचे लोक पाया पडतात, गाऊ नको म्हणून.”

“तुमी सुटा. मी येतो मागनं.”

मी मग आई दळताना म्हणायची ती ओवी म्हणायला घेतली. पहिली ओळ कशीबशी झाली. अप्पांनी मान तिरकी करून ऐकलं, बोट तारेवर सरकवलं आणि माझ्या आवाजाखाली एक सूर येऊन बसला. दुसऱ्या ओळीला मी नेहमीप्रमाणे घसरले. घसरल्याचं मला कळलं, मी थांबणार होते. पण अप्पांचं बोटही त्याच वेळी खाली उतरलं, मी जिथं पडले होते बरोबर तिथं, आणि तो सूर चुकलेला वाटेनासा झाला.

अप्पांनी डोळे मिटले होते. मी तिसरी ओळ घेतली.