सामंतकाकांची करवत

सामंतकाकांच्या घरात एकही खिळा नव्हता. भिंतीत नाही, दारामागे नाही. घड्याळ फ्रिजवर उभं, लग्नातला फोटो भिंतीला टेकून जमिनीवर, आणि कॅलेंडर बाहेरच्या खोलीतल्या एका खुर्चीत बसलेलं. खुर्च्या दोनच. दुसरीत काका बसत. त्यामुळे आलेल्याने उभ्याउभ्या बोलायचं आणि निघायचं. मला ते सोयीचं होतं. मी समोरच्याच दारात राहते आणि कामाशिवाय कुणाकडे बसत नाही.

"खिळा म्हणजे जबरदस्ती," काका म्हणायचे. "लाकडाने लाकडाला आपणहून धरलं पाहिजे."

हे ते लाकडापुरतंच म्हणत नसत. खालच्या मजल्यावर नवराबायकोची भांडणं सुरू झाली की "सांधा सैल आहे". सोसायटीचा चेअरमन बिनविरोध निवडून आला की "खिळा मारलाय".

त्यांनी आयुष्यभर मुंबईतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्तीनंतर सुतारकामाचं एक जुनं पुस्तक हाती लागलं आणि दुसऱ्यांच्या चुका काढणारा माणूस स्वतःच्या चुका करायला लागला. त्यांना एकच सांधा हवा होता. एका फळीच्या टोकाला कबुतराच्या शेपटीसारखे कंगोरे कापायचे, ते दुसरीच्या खाचांत बसवायचे. मग कितीही ओढा, सुटत नाही. सुतार त्याला डवटेल म्हणतात. काकांचे सुटायचे. आमच्या मजल्यावरची सगळी दारं वाऱ्याने आपटू नयेत म्हणून त्यांच्याच फसलेल्या सांध्यांची अडणी लावलेली होती.

"हात नाही, करवत वाईट आहे," असं त्यांचं म्हणणं. म्हणून चांगली करवत घ्यायची. तिचा शोध सात महिने चालला होता.

आता मी गोखिवऱ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका कारखान्यात खरेदी खातं सांभाळते. तीन कोटेशनं मागवायची, मधलं घ्यायचं, संपलं. मोठमोठी यंत्रं आम्ही अशी घेतली आहेत. काकांची पद्धत वेगळी. स्टेशनजवळच्या दुकानात जायचं, करवत डोळ्यासमोर धरून पातं सरळ आहे का बघायचं, नखाने वाजवून आवाज ऐकायचा, भिंगाने इंचाला किती दात ते मोजायचे, आणि शेवटी खिशातून रुमालात गुंडाळलेला सागाचा तुकडा काढून तिथेच कापायला घ्यायचं. एका दुकानदाराच्या बिलबुकावर भुसा पडला तेव्हा तो म्हणाला, "काका, लकडी काटनी है की शादी करनी है? इतना तो मी पोरगी बघताना पण नाही बघितला."

"म्हणूनच विचारतो," काका म्हणाले, "घरी सगळं ठीक ना?"

त्या दुकानात त्यांना पुन्हा जाता आलं नाही.

हे सगळं मला गमतीचं वाटलं असतं, पण काकूंमुळे वाटत नव्हतं. निर्मलाकाकूंना अर्धांगाचा झटका आला होता. पाय सुधारला, उजवा हात नाही. त्या नाशिकला लेकीकडे होत्या आणि लेक म्हणत होती, आता इथेच राहा. काकांकडे फोन नव्हता. नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं वाट बघायची तेव्हाची गोष्ट; आमचा फोन हा त्यांचा पीपी नंबर, फोन आला की मी त्यांना हाक मारायची. दर रविवारी सकाळी नऊला तो वाजायचा, त्यामुळे मला ऐकायचं नसलं तरी ऐकू यायचं.

एकदा काका समोरून येईपर्यंत काकू माझ्याशीच बोलल्या. "ते म्हणतात, तू ये, स्वयंपाक मी करीन. पण मला माझ्या घरात पाहुणी म्हणून नाही गं यायचं. ओट्याखालचा खण दोन हातांनी ओढल्याशिवाय उघडत नाही. साध्या चमच्यासाठी मी कुणाला हाक मारू?"

मग काकांनी रिसीव्हर घेतला आणि म्हणाले, "अठरा दातांची मिळाली, पण पाठ पत्र्याची आहे. पितळेची पाहिजे." सात मिनिटं हेच. तू कशी आहेस, हात कसा आहे, याबद्दल अवाक्षर नाही. मला त्यांचा राग यायला लागला होता.

त्यात त्यांचं वागणं जास्तच विचित्र झालेलं. शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात. कुलूप काढायला पाच मिनिटं. चहाचा कप डाव्या हातात, निम्मा चहा बशीत. मी म्हटलं, वय झालं.

मग एका रविवारी काकूंनी कळवलं की पुढच्या रविवारी लेक त्यांना घेऊन येणार, आठ दिवस राहून बघणार. जमलं तर राहायचं, नाहीतर सामान घेऊन कायमचं नाशिक. काकांनी फोन ठेवला आणि मला विचारलं, "सुनंदा, तुझ्या ओळखीत कोणी चांगली करवत विकणारं आहे का?"

मी म्हटलं, एकदाचा हा विषय संपवावा. आमच्या कारखान्याची लाकडी खोकी स्टेशनच्या पश्चिमेच्या एका गावातले आंतोन मेस्त्री बनवत. त्यांच्या बापाने चर्चची बाकं केलेली. हत्यारं त्या वेळची. दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून काकांना घेऊन गेले.

मेस्त्रींनी करवत काढली. हातभर लांब, पाठीवर पितळेची पट्टी, मूठ वापरून गुळगुळीत झालेली. काकांनी ना वाजवली ना दात मोजले. नुसती हातात धरून उभे राहिले.

"इकायची हाय," मेस्त्री म्हणाले, "पन कोनाला, ते मी ठरवनार. खुर्च्याबिर्च्या करनार असाल तर नको."

काका त्यांना बाजूला घेऊन काहीतरी बोलले. परत आल्यावर मेस्त्रींनी घासाघीस केली नाही. करवत वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली. "बोथट झालीय. शनवारी न्या, मी धार लावून ठेवतो."

शनिवार म्हणजे काकू यायच्या आदल्या दिवशी. मी म्हटलं, "कशाला, आमच्या इस्टेटीच्या फाटकाशीच धारवाला बसतो. मी उद्या लावून आणते." काका नको म्हणत होते. मी पुडकं पिशवीत टाकलंसुद्धा.

धारवाल्याला मी वर सांगितलं, चांगली लाव, घाई करू नकोस. त्याने घाई केली नाही. मंगळवारी संध्याकाळी काकांनी कागद उलगडला, करवत डोळ्यासमोर धरली. मग सागाच्या तुकड्यावर एक काप घेतला. त्यात आगपेटीची काडी आरपार गेली.

"दात फाकवलेत," ते म्हणाले. "ही आता ओंडके कापेल."

"परत नीट नाही होणार?"

"तुझी चूक नाही, सुनंदा. तो रोज ओंडक्यांच्याच करवती बघतो." आणि त्यांनी करवत पुन्हा कागदात गुंडाळली, डाव्या हाताने, वेडीवाकडी.

ते ओरडले असते तर मी चार शब्द सुनावले असते. ते ओरडले नाहीत, म्हणून बुधवारी मी करवत मागून घेतली आणि कारखान्यात न जाता बसने पश्चिमेला गेले. वीस वर्षांच्या नोकरीत मी माल परत करायला गेले आहे, माझी चूक घेऊन कधी गेले नव्हते.

मेस्त्रींनी पातं उन्हात धरून बघितलं. "बाई, सोन्याच्या वजनकाट्यावर तुम्ही बटाटे तोललेत."

"होईल का नीट?"

"तुमच्या काकांनी सांगितला, बायकोचा हात गेलाय, एका बोटान उघडल असा खन करायचाय. खिळ्यावरचा खन ढिला होतो, मग वाकडा होऊन अडकतो. माझ्या बापान चर्चच्या कपाटाला असे खन केलेले. अजून कुरकुरत नाय." त्यांनी करवत फळीवर आडवी निजवली, धारेचा दगड घेतला आणि दातांच्या कडेने हलकेच एकदा ओढला. उलटवून दुसऱ्या बाजूने एकदा. "दात पाडायचे नाय, निजवायचे." एक काप घेतला. पुन्हा दगड, पुन्हा काप. तिसऱ्या खेपेला त्यांनी आगपेटी मागितली. काडी कापात शिरली नाही. कागद शिरला.

मी तिथल्याच एका खोक्यावर बसले.

बुधवार दुपारपासून समोरच्या घरातून करवतीचा आवाज येत राहिला. शनिवारी संध्याकाळी काकांनी माझी बेल वाजवली. "जरा चल. उजवा हात पाठीमागे ठेव."

ओट्याखाली नवा खण बसला होता. कोपऱ्यांतले कंगोरे एकमेकांत इतके घट्ट, की रेघ तेवढी दिसत होती. मी डाव्या हाताचं एक बोट लावलं. खण आला.

"करंगळीने," काका म्हणाले.

करंगळीनेही आला.

"कुलपाला तेल दिलंय. कप हलके आणलेत, मोठ्या कानाचे. बटणांना मात्र काही करता येत नाही. सात महिने सगळं डाव्या हाताने करून बघतोय, बटणं काही जमत नाहीत." त्यांनी शर्टाकडे बघितलं. "तिची बटणं मी लावीन. तेवढं चालेल ना तिला?"

मी म्हटलं, चालेल. आणि घरी येऊन कांदा चिरायला घेतला, लागत नव्हता तरी.

रविवारी काकू आल्या. लेक सामान आत ठेवत होती. काका दारातच थांबले. मी माझ्याकडे असलेली त्यांची जादा चावी द्यायच्या निमित्ताने उभी होते. काकू हळूहळू ओट्यापर्यंत गेल्या. खणाकडे बघितलं. एक बोट लावलं. खण उघडला, त्यांनी बंद केला, पुन्हा उघडला.

"तिसऱ्या रविवारीच कळलं होतं मला," त्या काकांकडे न बघता म्हणाल्या. "काही लपवायचं असलं की हे दात मोजतात."

मग चमचा काढून ओट्यावर ठेवला आणि मागे वळून म्हणाल्या, "सुनंदा, उभी का? बस. चहा टाकते."

काकांनी खुर्चीवरचं कॅलेंडर उचललं आणि मला बसायला जागा केली.