ताठ जावई

रस्ता खणून ठेवून विसरलेल्या साहेबांनो, प्रज्वलचं लग्न तुम्ही मोडायला निघाला होता. कागदोपत्री नसाल, पण त्याच्या नाकात तुमचीच धूळ होती.

प्रज्वल चाकणच्या कंपनीत कंत्राटी कामाला. कायम नोकरी नाही म्हणून आधीची स्थळं परत फिरलेली. राजगुरुनगरच्या सोपानरावांनी मुलगी बघायला बोलावलं, आणि नेमकी त्याच आठवड्यात सर्दी सायनसवर गेली. डॉक्टर म्हणाले, धुळीनं नाकाचं अस्तर सुजलंय, गालामागच्या पोकळ्यांची वाट बंद झालीय, शेंबूड आत तुंबलाय. वाकलं की कपाळात घण पडायचा. आई रुक्मिणीबाईंनी बजावलं होतं, तिथं दुखण्याचं नाव काढायचं नाही.

सोपानरावांच्या दारातच आईनं कोपर मारलं, "पाया पड."

प्रज्वल मान ताठ ठेवून, जॅकवरून उतरणाऱ्या गाडीसारखा खाली गेला, चाचपडत सोपानरावांचा अंगठा शोधला आणि तसाच वर आला.

"पाहुणं, कंबर धरलीय जणू?"

"नाही, काका. सवय आहे."

लाडू आला. वरचे दात ठणकत होते, म्हणून त्यानं तो गालात धरून ठेवला. डोळे लाल, त्यातून पाणी. सोपानरावांनी रात्री कुठं बसला होता का, तेही विचारून घेतलं.

मग पोहे आले. रुक्मिणीबाईंनी एक घास घेऊन तोंडाला पदर लावला. पार कोळसा झाले होते. प्रज्वलनं बशी साफ केली.

"झकास झालेत. अजून मिळतील?"

सोपानराव उठले. "कंबर न्हाई, दात न्हाई, वर माझ्या पोरीची चेष्टा. निघा आता."

"आबा, थांबा." पोहे करणारी उत्कर्षा दारात उभी होती. आवाज रांजणातून आल्यासारखा. "पोहे करपलेत?"

"तुला वास न्हाई आला?"

"कशाचाच येत नाही." मग ती प्रज्वलकडं वळली. "वाकलं की डोळ्यांमागं ठणकतं? वरचे दातपण?"

"हो."

"कामाला कुठल्या रस्त्यानं जाता?"

"खणलेल्या."

"मीपण."

दोघं हसले, आणि दोघांनीही लगेच कपाळ धरलं. सोपानराव परत खाली बसले. अशी जोडी दुसरीकडं कुठं जमणार?

लग्न ठरलंय. आशीर्वादाला वडीलधारे स्टेजवर उभे राहतील आणि नवरा-नवरी खाली जमिनीवर, म्हणजे पाय हाताशी येतील.

साहेबांनो, पत्रिका तुम्हालाही आहे. यायचं त्याच रस्त्यानं. आहेर आणू नका, उत्तर आणा: ते खणलेलं कधी बुजवताय?