संकटाचं दार

"संकटकाळी बाहेर पडायचं दार कुठाय?" मोटारींची तपासणी करणाऱ्या साहेबांनी बसभोवती फेरी मारत विचारलं.

गुरुलिंगअप्पांनी पुढच्या दाराकडं बोट दाखवलं.

"ते रोजचं झालं. संकटाचं?"

"सायेब, औंदा आमच्याकडं संकट बी रोजचंच हाय."

साहेब हसले नाहीत. "एवढ्या सीटा असल्या की मागं दार लागतं. न्हायतर बाकडं कमी करा."

अप्पा गावच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी. दुष्काळात दूध आटलं, तेव्हा सोसायटीनं ही जुनी बस घेतली, ती बायांना पाझर तलावाच्या कामावर न्यायला. पायी जाऊन पोचेपर्यंत हजेरी संपायची. बस पास झाली की चुली पेटणार होत्या.

बाकडं काढणं सोपं. अप्पांनी मागचं लांब बाकडं काढायला लावलं. संध्याकाळी कामावर जाणारी गजराबाई चार जणींना घेऊन दारात हजर.

"अप्पा, आमी पाचजणी कुठं बसावं? टपावर का तुमच्या डोस्क्यावर?"

बाकडं परत बसलं आणि हरिबा लोहारानं मागचा पत्रा कापून झकास दार केलं. अप्पांनी दाराला हळदकुंकूसुद्धा लावलं.

दुसऱ्या तपासणीला हरिबा हत्यारं घेऊन आणि गजराबाई बाकड्याच्या राखणीला म्हणून सोबत नळदुर्गला आले. साहेबांनी ऐटीत मागचं दार उघडलं. समोर बाकड्याची पाठ!

"माणूस बाहेर पडणार कसा? उडी मारून? काढा ते बाकडं."

हरिबानं पाने लावून बाकडं काढलं आणि ड्रायव्हरच्या मागं, फावडी-घमेल्यांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत नेऊन टाकलं. साहेबांनी सीटा पुन्हा मोजल्या.

"आता बघा, इतक्याच सीटा असतील तर दाराची गरजच नव्हती."

"अय्यो शिवा!" अप्पा मटकन खालीच बसले. दार होतं तर बाकडं नाही, बाकडं होतं तर दार नाही. गजराबाईकडं बघायची त्यांची छाती होईना.

बाहेर ऊन रणरणत होतं. साहेबही दमले होते. ते बसमध्ये चढले आणि पहिलं दिसलं त्या, ड्रायव्हरमागं आणून टाकलेल्या बाकड्यावर टेकले. मागच्या उघड्या दारातून वारं सुटलं. साहेबांनी डोळे मिटून पाय लांबवले.

अप्पांनी साहेबांकडं पाहिलं, मग बाकड्याकडं, मग मोकळ्या मागच्या दाराकडं. ते ताडकन उठले.

"सायेब, हलू नका! कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय की."

"वाट अडत न्हाय ना कुणाची?"

साहेबांनी डोळे उघडले, पुढं-मागं पाहिलं. "न्हाय अडत."

"हरिबा, बोल्ट ठोक हितंच! फावडी टपावर जातील."

"अहो, मला उठू तर द्या!"

सही झाली. सोमवारी पहाटे बस भरली आणि पहिल्याच दिवशी जुंपली. ड्रायव्हरमागच्या, मागं तोंड करून ठोकलेल्या त्या बाकड्यावरून अख्ख्या बसची तोंडं दिसत होती, त्यामुळं तिथं बसायला सगळ्याच धावल्या.

गजराबाई चौघींसकट आधीच फतकल मारून बसली होती. "ह्या जागेपायी अप्पांनी गाडी फोडली," ती म्हणाली. "तुमी बसा की तिकडं, संकटाच्या दारापाशी!"