गिटारीत बसलेले खंडोबा

"बेटी, पीछे का ढक्कन कभी खुल्ला नक्को रखो. घर में बच्ची है," असं जुन्या जालन्यातल्या सिराजोद्दीनचाचांनी मला बजावून सांगितलं होतं. मी हसले होते. मी गॅसचं बटण तीनदा बघते. पोरीच्या द्राक्षाचे चार तुकडे करते. माझ्या घरातल्या नेलकटरला स्वतंत्र कुलूप आहे. आणि चाचा मला सावध करणार!

चाचा दुकानांच्या पाट्या करतात. माझा दीर भारत एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये पाळी करतो आणि पाळी नसेल तेव्हा गिटार वाजवतो. पाटीसाठी आणलेल्या ॲक्रिलिकचा एक जाडजूड तुकडा चाचांकडे उरला होता. भारतने त्यातून गिटारीचं अंग कापून घेतलं. काचेसारखं आरपार. आतल्या लाल-काळ्या वायरी, बटणं, नट, सगळं बाहेरून दिसायचं. वायरींसाठी पाठीत एक खोबण होती आणि तिच्यावर चार स्क्रूंचं झाकण.

माझ्या सासूबाईंनी, म्हणजे नंदाबाईंनी (मी त्यांना आत्याबाई म्हणते), पहिल्या दिवशीच तोंड फिरवलं होतं.

"उघडीनागडी हाय की रे ही! हिला काहीतरी नेसव आन् मंग घरात आण."

"आई, हिचं आतलं दिसतं हीच तर गंमत हाय."

"आतलं झाकायसाठीच देवानं कातडं दिलं, बाबा."

घटस्थापनेच्या सकाळी आत्याबाईंनी देव चिंचेनं घासून लख्ख केले आणि चांदीचे पाचही टाक बैठकीत फडक्यावर वाळत ठेवले. शेजारीच भारत गिटार पालथी घालून, झाकण काढून, वायर जोडत बसला होता. दोघांच्या मधोमध माझी अडीच वर्षांची ठकी. दूध वर आलं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. तीन मिनिटं. जास्तीत जास्त चार. तेवढ्यात मिलचा टेम्पो हॉर्न वाजवायला लागला, भारत पायात चपला घालायला धावला, परत येऊन घाईघाईत झाकण लावलं, गिटार खिळ्याला अडकवली आणि गेला.

आत्याबाई देव मांडायला बसल्या आणि ओरडल्या, "भावना! खंडोबा कुठं गेले?"

फडक्यावर चारच टाक होते. आम्ही दोघींनी एकदम ठकीकडे बघितलं. ठकीनं दोन्ही हात पालथे केले.

"बाप्पा गेला."

"कुठं गेला, माझी बाई?"

ठकीनं तोंड मिटून घेतलं. पोरीनं तोंड मिटलं की माझ्या डोळ्यांसमोर तिचं पोट येतं. मी तिला उचललं आणि रिक्षात बसले. दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली.

"हिच्या पोटात काहीही नाही."

"नीट बघा ना. घोड्यावर बसलेले असतील."

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. "ताई, पोरगी ठणठणीत आहे. तुमचा बीपी बघू का?"

इकडे मुहूर्त टळत होता. माझे यजमान हरिओम आईजवळ परडी धरून उभे होते. आमच्यात एकदा घट बसला की देवही बसतात, ते दसऱ्यापर्यंत जागचे हलवायचे नाहीत. आंघोळसुद्धा नाही, नुसती फुलानं पाणी शिंपडायचं. आत्याबाईंनी चार देव विड्याच्या पानांवर बसवले, पाचवं पान रिकामं ठेवलं आणि हात जोडले.

"देवा मल्हारी, आत्ता जिथं असशील तिथंच बस. नऊ दिवस तीच तुझी गादी."

घट बसला. देवही बसले.

मी परत आल्यावर आम्ही पिठाचे डबे उपसले, गाद्या झटकल्या, हरिओमनी मोरीच्या जाळीत हात घातला. झाकण असलेली एकेक वस्तू उघडून बघितली. भिंतीवरची गिटार मात्र आरपार दिसत होती, म्हणून तिच्याकडे कुणी बघितलंच नाही.

संध्याकाळी भारत आला. पाचव्या माळेला घनसावंगीत धर्मराजच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. धर्मराजनं स्पष्ट सांगितलं होतं, "एक डाव वाजवून दाखव. जमलं तर पूर्ण लग्नसराई तू माझा. न्हाई जमलं तर मिल बरी." चार वर्षं भारत ह्या एका डावाची वाट बघत होता. त्यानं गिटार काढली, वायर जोडली, तार छेडली. 'घुर्रर्र... खुळ्ळ!'

"वैनी, हिच्यात कायतरी खुळखुळून राह्यलंय."

त्यानं गिटार ट्यूबलाइटसमोर धरली. लाल वायर आणि काळ्या वायरीच्या मधोमध, आवाजाच्या बटणाला पाठ टेकून, घोड्यावर खंडोबा बसले होते.

"आत्ता काढतो!" म्हणत भारतनं पेचकस घेतला. आत्याबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"बसलेला देव उठवतो का, मेल्या?"

"आई, चार स्क्रू हायेत फक्त!"

"चार असू दे न्हाईतर चारशे. मी म्हनलं, जिथं असशील तिथं बस. देव बसला. आता दसऱ्याला."

"पाचव्या माळेला माझा कार्यक्रम हाय!"

"मंग दुसरी आण."

"कुठून आणू? हिलाच तीन वरसं गेली!"

गिटार देवघरात गेली. पहिली माळ तिच्या मानेला बांधली गेली. भारत उंबऱ्यात बसून घरचीच गिटार मूर्तीसारखी बघत होता. दुसऱ्या माळेला तो जेवला नाही. तिसऱ्या माळेला म्हणाला, "धर्मराजला न्हाई म्हणून कळवतो." मला त्याच्याकडे बघवेना. झाकणाचं चाचांनी मला आधीच सांगितलेलं होतं, आणि ते मी कुणाला बोललेही नव्हते.

चौथ्या माळेला मी भीत भीत आत्याबाईंना विचारलं, "आत्याबाई, देव हलवायचा नाही, बराबर. पण देव गादीसकट निघाला तर?"

"म्हंजे?"

"म्हणजे पालखी निघते तेव्हा देव बसलेलाच असतो ना?"

आत्याबाईंनी वाती वळायच्या थांबवल्या.

"पालखीसंगं घरचं मानूस लागतं," त्या म्हणाल्या. "मी येणार."

नियम त्यांनी तिथंच सांगितले. भारत अनवाणी वाजवणार. गिटारीचा चामड्याचा पट्टा बाद, त्याजागी त्यांच्या जुन्या इरकलीचा काठ. मानेची माळ काढायची नाही. आणि गिटार कमरेखाली लोंबकळती धरायची नाही.

"देव कमरेखाली? वर घे. आनखी वर. हां, छातीपाशी."

"आई, मला हनुवटीनं वाजवावं लागंल!"

"वाजव की. कलाकार हायेस ना?"

पाचव्या माळेला हरिओमना अखंड दिव्याजवळ बसवून आम्ही काळीपिवळी जीपमध्ये बसलो. आत्याबाई, मी, ठकी, भारत, आणि एका सीटवर शाल पांघरलेली गिटार.

"मावशी, ही मांडीवर घ्या, शिटा कमी हायेत," ड्रायव्हर म्हणाला.

"देव हाय आतमधी."

ड्रायव्हरनं शालीत डोकावून बघितलं, गाडीची पुढची काच पुसली आणि अंबडपर्यंत एकदाही शिवी दिली नाही.

घनसावंगीत धर्मराजनं भारतला बघितलं आणि कपाळाला हात लावला. अनवाणी पाय, हनुवटीखाली गिटार, तिच्यावर पाच माळा.

"हे काय वेष घेऊन आलाय रे? आन् ह्या मावशी स्टेजवर कशाला?"

"देव बसलेत," आत्याबाई म्हणाल्या आणि स्पीकरशेजारी पाट टाकून त्याही बसल्या. मी पडद्यामागे ठकीला काखेत घट्ट धरून उभी. स्टेजवर उघड्या वायरी मोजल्या. अकरा.

पहिलं गाणं सुरू झालं. फोकसचा उजेड गिटारीतून आरपार गेला आणि मधोमध चांदीचा टाक झळकला. पुढच्या रांगेतल्या बायांनी हात जोडले. आत्याबाईंना भरून आलं. "येळकोट येळकोट जय मल्हार!" म्हणत त्यांनी पिशवीतून मूठभर भंडारा उधळला. मागे मोठा पंखा होता. सगळी हळद गायकाच्या उघड्या तोंडात गेली. गायक खोकत खाली बसला. ढोलकीवाल्याला शिंका लागल्या, त्याही तालात. कीबोर्ड पिवळा झाला आणि बंद पडला.

उरला एकटा भारत.

"वाजव!" धर्मराज विंगेतून ओरडला. "कायबी वाजव, थांबू नको!"

भारतनं डोळे मिटले आणि जागरणाची चाल धरली. 'घुर्रर्र... खुळ्ळ! घुर्रर्र... खुळ्ळ!' आतला टाक वायरीला लागायचा, गिटार गुरगुरायची, जणू घोडाच फुरफुरतोय. लोक उठून नाचायला लागले. आत्याबाई प्रत्येक वळणाला मूठ उधळत होत्या. दहा मिनिटं तो एकटा वाजवत होता, आणि मी एवढी गुंगले की ठकी काखेतून कधी उतरली ते कळलं नाही. ती स्टेजच्या मधोमध नाचत होती.

कार्यक्रम संपल्यावर पिवळाधम्मक धर्मराज जवळ आला. "भारत, लग्नसराई तुझी. पन एक अट."

"काय?"

"मावशी पायजेत. मावशीबगर न्हाई."

दसऱ्याला आत्याबाईंनी स्वतः चार स्क्रू काढायला लावले. खंडोबा देवघरात परतले. गिटारीचा आवाज स्वच्छ झाला. भारतनं सुटकेचा निःश्वास टाकला, तेवढ्यात आत्याबाईंनी खोबणीत एक सुपारी ठेवली. टाक नसला की सुपारीच देव, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं.

"गादी रिकामी ठेवत न्हाईत," त्या म्हणाल्या. "आन् देव जाईल तिथं मला जावं लागतंय. माझा काय इलाज?"

तेव्हापासून आत्याबाई दौऱ्यावर आहेत. आज परतूरच्या बाजूला एका हळदीला गेल्यात आणि फोन उचलत नाहीत. तिकडचं कुणी हे वाचत असेल, तर स्टेजवर डाव्या हाताला स्पीकरशेजारी बघा. हिरवं लुगडं, पाट, मांडीवर पिवळी पिशवी. बीपीची गोळी घेतली का एवढं विचारा. हो म्हणतील, ऐकू नका. पाकीट मागा. सकाळी मी पाच गोळ्या मोजून दिल्यात. आत्ता चार असतील, तर एकदा गिटारीत डोकावून मगच मला कळवा.