माणशी एक बिस्कीट

जगप्रवासाचा मूळ हेतू कचेरीसाठी बिस्किटं आणणे हा आहे, याबद्दल जपानच्या तोयामा शहरात तरी आता मतभेद उरलेले नाहीत. किल्ले, चर्चं, समुद्रकिनारे वगैरे गोष्टी वाटेत लागतात, त्याला इलाज नाही.

नळजोड बनवणाऱ्या एका कंपनीत उपप्रमुख असलेले कुरामोची हे जाणून होते, म्हणूनच त्यांनी वर्षानुवर्षं सुट्टी घेतली नव्हती. सुट्टी घेणे म्हणजे आपलं काम दुसऱ्यांच्या डोक्यावर टाकून मजा मारणे. या अपराधाची भरपाई ठरलेली आहे: जाण्याआधी प्रत्येक टेबलापाशी वाकून माफी, आणि आल्यावर माणशी एक गोड वस्तू. प्रत्येक नग वेगळ्या कागदात गुंडाळलेला हवा (कचेरीत कुणाचा कुणाच्या बोटांवर विश्वास नसतो). तो वितळता कामा नये, त्याला वास येता कामा नये, आणि चव अशी हवी की खाणाऱ्याला बरं वाटेल, पण पुन्हा मागावंसं वाटणार नाही. डब्यावर देशाचं नाव ठळक हवं. मुख्य म्हणजे नग पुरले पाहिजेत. काहीच न आणणारा माणूस नुसता विसरभोळा ठरतो. एक कमी आणणारा कुणाला तरी मुद्दाम वगळतो.

शहाणी माणसं हा धोका पत्करत नाहीत. ती निघण्यापूर्वीच गावातल्या दुकानात परदेशी भेटवस्तू सांगून ठेवतात. विभागप्रमुख तातेवाकी इजिप्तला गेले, तेव्हा त्यांची पिरॅमिडच्या आकाराची बिस्किटं त्यांच्या आधी घरी येऊन बसली होती. (प्रत्यक्ष पिरॅमिड पाहून तातेवाकींची थोडी निराशा झाली. बिस्किटांचा रंग जास्त खुलून दिसत होता.)

कुरामोची मात्र सरळ मनाचे. त्यातून तातेवाकी वसंतात निवृत्त व्हायचे होते आणि त्यांच्या खुर्चीसाठी कुरामोचींचं नाव निघालं होतं. असं नाव निघालेल्या माणसावर सगळी कचेरी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते. नेमक्या अशा वेळी त्यांची बायको सुमिए हिने पोर्तुगालचं काढलं. भाताच्या कुकरवर, भिंतीला, तिने जुन्या कॅलेंडरातलं एक चित्र चिकटवलं होतं: युरोपची जमीन जिथे संपते तो कडा, आणि पुढे नुसता समुद्र.

"एकदा तिथे उभं राहायचंय," ती म्हणाली.

"समुद्र आपल्याकडेही आहे."

"आहे ना. त्याच्याकडे पाठ करून तुमची कचेरी बांधलीय."

कुरामोचींनी टेबलाटेबलापाशी वाकून माफी मागितली आणि दोघं निघाली.

लिस्बन शहर अंड्याच्या मलईने भरलेल्या खुसखुशीत पेस्ट्रीसाठी नावाजलेलं आहे. ती लगेच शिळी होत असल्यामुळे कुरामोचींनी ती निकामी ठरवली. सुमिएने दुकानात उभ्या उभ्या एक निकामी पेस्ट्री खाल्ली, मग आणखी एक. पुढे एका चढावरच्या दुकानात बदामाची बिस्किटं सापडली, प्रत्येक निळ्या कागदात गुंडाळलेलं. कुरामोचींचा जीव भांड्यात पडला. रात्री त्यांनी ती पलंगावर पसरून मोजली, सुमिएकडून मोजून घेतली. बरोबर माणशी एक. पण ती सुटी विकत होते. डब्याशिवाय बिस्कीट म्हणजे नुसतं खाणं झालं, त्याला कचेरीत काय किंमत?

शेवटचा दिवस कड्यासाठी राखून ठेवला होता.

"अहो, बस सुटेल. चला."

"डबा मिळाला नाही अजून. आणि समुद्र कुठे पळून जातोय?"

"तो नाही, आपण जातोय. उद्या."

कुरामोची बूट चढवून डब्याच्या शोधात बाहेर पडलेसुद्धा. सुमिए बिस्किटांपाशी घटकाभर थांबली, पर्स उचलली आणि एकटीच बसला गेली.

संध्याकाळी ती परतली तेव्हा वाऱ्याने केसांचा पार गुंता झाला होता, गाल लाल झाले होते. कुरामोचींनी डबा पुढे धरला. झाकणावर कोंबडा होता आणि खाली देशाचं नाव.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"छान आहे," सुमिए म्हणाली.

एकदा मोजलेली गोष्ट पुन्हा काय मोजायची, म्हणून त्यांनी बिस्किटं तशीच डब्यात भरली.

सोमवारी हिगाकी-सान यांनी ती टेबलाटेबलावर ठेवली. (हिगाकी-सान कचेरीचा चहा आणि कचेरीचं मत, दोन्ही तयार करतात.) तातेवाकींनी कागद सोडवत विचारलं, "हवा कशी होती तिकडे?"

"बरी होती."

"वा, छान," तातेवाकी म्हणाले, आणि पोर्तुगालचा विषय संपला.

तेवढ्यात हिगाकी-सान यांनी डबा उपडा करून पाहिला. त्यांचं स्वतःचं बिस्कीट नव्हतं.

"राहू दे हो, कुरामोची-सान. मला गोड तसंही चालत नाही."

दररोज दुपारी त्या अझुकी कडधान्याच्या गोड पुरणाचा पाव खातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळी तोंडं एकदम चावायची थांबली. कुरामोची जमिनीला टेकतील इतके वाकले. पण व्हायचं ते झालं होतं. वसंतात ती खुर्ची हिशेब विभागातल्या एका गृहस्थाला मिळाली. ते आयुष्यात कुठेच गेले नव्हते.

त्या सोमवारी घरी आल्यावर कुरामोचींनी तोंड उघडलं. "एक कमी पडलं."

"मी खाल्लं," सुमिए म्हणाली. "तिथे कड्यावर बसून. भूक लागली होती."

कुरामोचींनी टाय सोडला. मग म्हणाले, "चवीला बरं होतं ना, निदान?"

"वाऱ्यामुळे जरा खारट लागलं."

"म्हणजे बाकीचीही खारट असतील?"

सुमिए थोडी थांबली, ते आणखी काही विचारतील म्हणून. मग उठून तिने तांदूळ धुवायला घेतले.

कुरामोचींना नावं ठेवण्यात अर्थ नाही. बाई अर्धं जग ओलांडून जमिनीच्या टोकाला जाऊन आली, आणि तिथे तिला काय दिसलं हे तिला कचेरीने विचारलं नाही, नवऱ्याने विचारलं नाही. वाचकहो, तुम्हीही इथवर आमच्याबरोबर बिस्किटंच मोजत आलात. सुमिए सांगायला तयार होती. आता तिने भात लावलाय.