सुभानराव मेला त्याची आणि पोटगी मिळाली त्याची हकीकत

श्रीशिक्कामोर्तब प्रसन्न. शके सोळाशे अमुक, खोळंबानाम संवत्सरे, भाद्रपद शुद्ध पंचमीस, एका राज्यात, ज्याचे नाव लिहिले असता कारभारी रागे भरतील सबब लिहिले नाही, सुभानराव नामे गृहस्थ पैजेवर मोदक भक्षण करीत असता एकेचाळिसाव्या मोदकास मृत्यू पावते जाहले. पैज चाळीसचीच होती, ती जिंकिली. एकेचाळिसावा हौसेचा होता. मागे एक घर, दोन म्हशी, एक अबलख घोडी आणि अर्धी विहीर ऐसी दौलत राहिली. उरलेली अर्धी विहीर धाकटे बंधू हैबतराव यांची. परंतु ते पहिल्यापासून पुऱ्या विहिरीचे पाणी काढीत, आणि आता पुऱ्या दौलतीकडे त्याच नजरेने पाहू लागले.

हे वर्तमान भिवराबाईस कळले. भिवराबाई म्हणजे सुभानरावांची नऊ वर्षांमागील पत्नी. पंचांपुढे काडी मोडून दोघे वेगळी जाहली, तेव्हा लेक मैना सात वर्षांची होती, आणि पंचांनी ठराव लिहून दिला की मुलीच्या पोटगीस सुभानरावांनी दरमहा सात रुपये द्यावे. त्यावर सुभानरावांनी पहिल्या महिन्यास सात भोपळे पाठविले, आणि पुढे नऊ वर्षे नुसताच भोपळा. बाईने लोकांचे पापड लाटले, गोधड्या शिवल्या, मुलीस वाढविले, आणि मुलगी ऐसी हुशार निघाली की वैद्यशाळेच्या गुरुजींनी तिजला जागा दिली. मात्र महिनाअखेर साडेसातशे रुपये भरावे, न भरल्यास जागा सावकाराच्या पुतण्यास जाईल, ऐसे सांगितले. तो पुतण्या नाडी पाहावयास सांगितले असता पायजम्याची पाहत असे. पोटगीची थकबाकी सातशे छप्पन्न होत होती.

खबर ऐकोन मैना म्हणाली, "आई, मी रडू का?"

बाई म्हणाली, "रड गं बाई, बापच तो. पण आवर लवकर, कचेरी अकराला उघडते."

घाई करण्यास कारण होते. त्या राज्याचा कायदा ऐसा की मेल्या माणसाचे देणे त्याच्या दौलतीतून फेडावे, परंतु तेराव्या दिवशी वारसाच्या डोकीस पागोटे बांधिले म्हणजे दौलत वारसाची, आणि मागील सर्व दावे बुडाले. म्हणोन बाईने अर्ज लिहविला, "कैलासवासी सुभानराव यांचे दौलतीतून पोटगी मिळावी," आणि तिसरे दिवशी कारकून अंताजीपंत यांजपुढे ठेविला. पंतांनी अर्ज वाचला, उलटा धरोन वाचला, आणि म्हणाले, "बाई, कैलासवासी म्हणजे राहणार कैलास. दावा जिथं इसम राहतो तिथं लावायचा. कैलास आपल्या हुकमतीत येत नाही."

बाई म्हणाली, "पंत, ते तिथं राहायला नाही हो गेले."

"मग असं खोटं कशाला लिहिता?"

मग चौथे दिवशी कचेरीतील मांजर व्याली सबब कामकाज बंद राहिले, आणि पाचवे दिवशी बाईने "वैकुंठवासी" ऐसे लिहून नेले. पंत म्हणाले, "परवा कैलास, आज वैकुंठ. मुक्काम हलवल्याचा दाखला?" मग बाईने दात आवळून आठवे दिवशी "स्वर्गीय" लिहून नेले, तेव्हा पंतांनी विचारले, "मौजे स्वर्ग, ठीक. परगणा कोणता?" बाईने म्हटले, "पंत, साधं मयत लिहिते." पंत दचकले आणि चोहीकडे पाहोन हळूच म्हणाले, "मयत हा सरकारी शब्द आहे. तो सरकारनंच वापरायचा. रयतेनं वापरला तर सरकारी मालाची चोरी होते." मग अकरावे दिवशी बाईने "देवाज्ञा जाहलेले सुभानराव" ऐसे लिहिले, आणि आता यात काय खोट काढतो ते पाहू म्हणोन पुढ्यात बसली. पंतांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आज्ञेची नक्कल जोडा."

"कुणाची?"

"देवाची. आज्ञा झाली म्हणता ना? मग तिला तारीख असेल, शिक्का असेल."

बाई घरी आली. वाटेत तिने तीन दगड लाथाडले आणि एकाची माफी मागितली. बारावे दिवशी लेखकास पैसा न देता तिने स्वहस्ते अर्ज लिहिला. त्यात मजकूर एवढाच: "सुभानराव मेला. पोटगी द्या." अंताजीपंत तो वाचोन खुर्चीसह मागे सरकले. म्हणाले, "मेला? बाई, ही शिवी आहे."

"मेला म्हणजे मेला, पंत. याहून सोपं मला येत नाही."

"आमची ही मला रोज म्हणते, शिवी मला ओळखता येते."

आता त्या राज्याचा दुसरा कायदा ऐसा होता की देण्याघेण्याचे दावे सहा महिन्यांनी ऐकावे, परंतु शिवीचे दावे दुसरेच दिवशी, कारण शिवी शिळी जाहली म्हणजे झोंबत नाही. आणि शिवी शाबीत जाहली तर ती शिवी देणाऱ्याचे सर्व दावे रद्द. पंतांनी लागलीच हैबतरावांस कळविले, आणि हैबतराव आनंदाने फिर्याद करिते जाहले, की आमच्या दिवंगत बंधूस मेला म्हटले. म्हणजे बाईचा दावा शिवीपायी बुडेल आणि आपले पागोटे निर्वेध बांधिले जाईल, ऐसा बेत.

तेरावे दिवशी सकाळी उभयतां न्यायाधीश त्रिंबकशास्त्री यांजपुढे उभे राहिले. हैबतरावांकडे पानावर पंक्ती बसल्या होत्या, उपाध्ये पागोटे हाती घेऊन कचेरीच्या दारात उभे होते, सबब हैबतराव एका पायावर उभे होते. ते म्हणाले, "वहिनी, माफी मागा आणि मोकळ्या व्हा. अन्न निवतंय."

बाई म्हणाली, "काडी मोडली तेव्हाच वहिनी संपली. अर्जदार म्हणा."

शास्त्रीबोवा वृद्ध होते आणि त्यांस ऐकू कमी येत असे, म्हणोन ते प्रत्येक शब्दाचा विचार करीत. ते म्हणाले, "बाई, तुम्ही मेला म्हणालात ती शिवी की खबर?"

"खबर, बोवा. नऊ वर्षं शिवी म्हणून म्हणत होते, ते कबूल. या खेपेला खबर."

शास्त्रीबोवा हैबतरावांकडे वळले. "खबर खोटी असेल तर ती शिवी. मग सांगा, सुभानराव मेले की नाहीत?"

हैबतराव सावध माणूस. मेले म्हणावे तर बाईची खबर खरी ठरते, म्हणोन ते म्हणाले, "मेले कसे म्हणू बोवा, कैलासवासी झाले."

"अस्सं. म्हणजे कैलासात राहतात."

"राहतात."

"मालक परगावी असता दौलत वारसास देता येत नाही. लिहा पंत, सुभानराव कैलासाहून परत येईपर्यंत घर, म्हशी, घोडी आणि अर्धी विहीर सरकारच्या कुलपात. पागोटे बांधू नये."

हैबतराव दुसरा पाय टेकोन म्हणाले, "बोवा, ते परत येणार नाहीत."

"का? रस्ता खराब आहे?"

"नाही हो."

"मग घरात रुसवा?"

बाहेरून उपाध्यांनी हाक दिली की वरण निवोन गेले, आता भात चालला. त्यासरशी हैबतरावांचा धीर सुटला आणि ते भर कचेरीत बोलते जाहले, "अहो, कसला रुसवा? तो मेला मेला!"

शास्त्रीबोवांनी दोन बोटे वर केली. "पंत, दोन वेळा लिहा. दुसरा मेला ही खबर. ती खुद्द भावाने दिली, सबब बाईचा अर्ज खरा आणि देणे आधी, पागोटे मागून. पहिला मेला ही शिवी. त्याचा दंड सव्वा रुपया, हैबतरावांकडून."

मग घोडी त्याच दारात विकिली, आणि सातशे छप्पन्न रुपये बाईच्या पदरात पडले, आणि हैबतरावांनी थंड भातावर पागोटे बांधिले. मायलेकी तडक वैद्यशाळेत गेल्या. गुरुजींनी रक्कम घेतली, मैनेचे नाव घातले, आणि उद्या सूर्योदयास ये म्हणाले. मैना बाहेर आली तो आई पायरीवर बसली होती.

"आई, आता कुठं जायचं?"

भिवराबाईने विचार केला. नऊ वर्षे दर सकाळी कोठेतरी जावयाचे होते, पंचांकडे, पापडवालीकडे, पंतांकडे. "कुठंच नाही," ती म्हणाली, आणि सरकून मुलीस जागा केली, आणि दोघी ऊन पायाखालून निघून जाईपर्यंत तेथेच बसल्या.

येणेप्रमाणे सुभानराव एके दिवशी मृत्यू पावले, आणि ते कचेरीस तेरा दिवसांनी कळले. जैसे घडले तैसे लिहिले. अक्षर चुकले असेल तर सुधारून घ्यावे. कचेरीत मात्र दाखवू नये.