निकाल गेले, जेवून घ्या

प्रयोगशाळेच्या तिसऱ्या मजल्यावर एकच खोली होती आणि तिच्यात एकच माणूस बसत असे. खालच्या मजल्यांवर पाण्याचे आणि मातीचे नमुने तपासले जात. वर फक्त सर्व्हर, एक पंखा आणि प्रोग्रामर. खालचे लोक त्याला 'वरचा माणूस' म्हणत. त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. नवा संगणक आला आणि त्याने 'या संगणकाला नाव द्या' असं म्हटलं, तेव्हा त्याने 'वरचा माणूस' असंच टाइप केलं होतं. दुसरं काही सुचलं नव्हतं.

त्याच्या आधी त्या खोलीत आप्पा बसत. निवृत्त होताना आप्पांनी मागे दोन वस्तू ठेवल्या, एक डुगडुगणारी खुर्ची आणि एक स्क्रिप्ट. स्क्रिप्ट म्हणजे एकाखाली एक हुकूम लिहिलेली साधी फाइल. सकाळची मोजमापं संपली की ती प्रत्येक खोलीतल्या संगणकाकडे जाई, निकाल गोळा करी आणि ज्याचे त्याला पाठवून देई. दर फाइलनंतर ती थोडी झोप घेई. त्या जुन्या भाषेत थांबण्याच्या हुकमाचं नावच 'झोप' होतं, आणि आप्पांनी तो सढळ हाताने वापरला होता. एखाद्या खोलीतला संगणक बंद असला तर बाकी सगळ्यांच्या स्क्रीनवर 'भट्टी सापडत नाही' किंवा 'तराजू सापडत नाही' असं उमटे. मग कोणीतरी जाऊन तो चालू करी.

ही स्क्रिप्ट नव्या भाषेत लिहायची असं वरच्या माणसाने ठरवलं. कारणं त्याने संचालकबाईंना सांगितली. ती सावकाश चालते. ती झोपते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे नावात मोकळी जागा आली की ती एका नावाची दोन नावं समजते. या मोकळ्या जागेवर तो बराच वेळ बोलला.

"पण चालते ना?" बाईंनी विचारलं.

"चालते."

"मग?"

"धावू शकेल."

बाईंना पुढच्या बैठकीला जायचं होतं, त्यांनी परवानगी दिली. खरं कारण त्याने सांगितलंच नाही. नवा प्रोग्राम तयार झाला की तो बघायला कोणीतरी वर येईल, असं त्याला वाटत होतं. जुनी वस्तू बघायला कोण जिने चढतं?

काम लांबत गेलं. एका हुकमामागून दुसरा चालवायची सोय नव्या भाषेत सरळ नव्हती, ती त्याने बांधली. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हाती द्यायची सोय बांधली. या सोयी वापरणं सोपं जावं म्हणून एक छोटी भाषाच तयार केली, तिच्यात एकाखाली एक हुकूम लिहिता येत. एका संध्याकाळी त्याने आपली फाइल आणि आप्पांची फाइल स्क्रीनवर शेजारी शेजारी उघडल्या. दोन्ही सारख्याच दिसत होत्या. त्याच्या फाइलीत कंस जास्त होते. त्याने आप्पांची फाइल बंद केली.

आप्पांची शेवटची ओळ मात्र त्याने घेतली नाही. ती ओळ सगळ्या खोल्यांना एक संदेश पाठवत असे, 'निकाल गेले. जेवून घ्या.' वरच्या खोलीत हा संदेश कधीच उमटला नव्हता; आप्पांच्या यादीत ती खोली नव्हती. तो आपला डबा टेबलावरच उघडी, सर्व्हरच्या घरघरीत जेवी आणि डबा बंद करी. त्यामुळे ही ओळ म्हणजे आप्पांचा काहीतरी जुना विनोद असावा असं त्याला वाटलं.

नवा प्रोग्राम सुरू झाला. आप्पांच्या स्क्रिप्टला दुपार होई. याने डोळ्याचं पातं लवायच्या आत काम उरकलं आणि गप्प बसला. वरचा माणूस दाराकडे बघत राहिला. कोणी आलं नाही.

खाली जेवायची वेळ झाली तरी कोणी उठेना. स्क्रीनवर 'जेवून घ्या' आलं नव्हतं, म्हणजे निकाल गेले नव्हते, आणि निकाल गेल्याशिवाय उठायची तिथे कोणाला सवयच नव्हती. भट्टीवाल्या ताईंनी तराजूवाल्या काकांना फोन केला. काकांनी आपल्यालाही भूक लागल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला. वर फोन करावा असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. तशी पद्धतच नव्हती. शेवटी कॅन्टीनच्या मावशी हातातल्या पळीसकट संचालकबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. माझ्या स्वयंपाकाने कोणाचं काय घोडं मारलंय, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

बाईंनी वरच्या माणसाला खाली बोलावलं.

"तुम्ही लोकांचं जेवण बंद केलंत म्हणे."

"मी एक ओळ काढली."

"घाला परत."

पण नव्या प्रोग्रामात नुसती ओळ घालणं बरं दिसत नाही. त्याने आधी संदेश पाठवायची रीतसर यंत्रणा बांधली आणि मग तिला शोभेल असा संदेश लिहिला. 'मा. वापरकर्ता, निकाल-प्रेषण प्रक्रिया यशस्वीरीत्या पूर्ण झाली आहे. आपण भोजन करू शकता.'

प्रोग्राम वेगवान असल्यामुळे हा संदेश दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा पोटात जिरायच्या आत आला. सगळे उठून कॅन्टीनमध्ये गेले. चूल थंड होती आणि मावशी भाजी निवडत बसल्या होत्या.

"एवढ्यात कसे आलात?"

"परवानगी आली आहे," काका म्हणाले. "आपण भोजन करू शकतो."

"मी करू शकत नाही," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी भाजीची एक जुडी काकांपुढे सरकवली.

एवढे आलोच आहोत म्हणून सगळेच निवडायला बसले. गप्पा रंगल्या. तेवढ्यात तिकडे ताईंच्या भट्टीत वाळत ठेवलेली माती करपली. मातीसुद्धा करपते, हे प्रयोगशाळेला त्या दिवशी कळलं. सगळे नमुने पुन्हा मागवावे लागले.

मग वरच्या माणसाने संदेश घड्याळाला बांधला आणि मजकूरही आप्पांचाच ठेवला. नेमका त्या दिवशी तराजू बिघडला. निकाल अडकलेले, आणि स्क्रीनवर ठरल्या वेळी 'निकाल गेले. जेवून घ्या.' अर्धे लोक जेवायला गेले, अर्धे थांबले, आणि दिवस मावळेपर्यंत गेलेले थांबलेल्यांशी बोलत नव्हते.

"आप्पांचं हळू चालायचं," संचालकबाई म्हणाल्या, "पण खोटं बोलायचं नाही."

मग त्याने झोप घातली. जी झोप काढायला एवढा खटाटोप केला, तीच दर फाइलनंतर एकेक करून परत घातली. पण आप्पांची झोप अंगात मुरलेली होती, याची मोजून मापून घातलेली. कधी जेवण लवकर यायचं, कधी उशिरा. मावशींनी पळी घेऊन यायचा वार ठरवावा की काय, असं बाईंनी विचारलं. तेव्हा एका दुपारी त्याने आपला सगळा प्रोग्राम पुसून टाकला आणि त्यात एकच काम ठेवलं, आप्पांच्या स्क्रिप्टला हाक मारायचं.

दुसऱ्या दिवशी निकाल गेले, संदेश आला, जेवण गरम होतं. संचालकबाईंनी त्याला जिन्यात गाठून अभिनंदन केलं.

"बघा, नव्या भाषेने किती फरक पडतो. अगदी जुन्यासारखं चालतंय."

"हो," तो म्हणाला.

प्रकरण मिटलं, आणि तो पुन्हा वर एकटा राहिला. फरक एवढाच, की आता त्याला ठाऊक झालं होतं खाली काय घडतं ते. पूर्वी खालचा आवाज नुसता त्याच्या कानांवरून जाई. आता दुपारी खुर्च्या सरकल्याचं, दारं वाजल्याचं, कोणीतरी कोणालातरी "चल गं" म्हटल्याचं सगळं स्पष्ट ऐकू येई. मग खाली एकदम शांत होई. वर सर्व्हर घरघरत राही. त्याचा स्क्रीन कोरा असे.

त्याने आप्पांना फोन केला. निमित्त म्हणून आधी झोपेच्या हुकमाबद्दल काहीतरी विचारलं, मग मुद्द्यावर आला. संदेश सगळ्या खोल्यांना जातो, वरच्या खोलीला का जात नाही?

"मला कशाला लागतो?" आप्पा म्हणाले. "मीच लिहायचं आणि मीच वाचायचं? निकाल निघाले की मी जिना उतरायला लागायचो. मी शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत मंडळी बाहेर आलेली असायची."

"मला वाटलं, तुमच्याकडून राहून गेलं."

"राहिलं असेल तर घाल की तुझं नाव. माझं थोडंच आहे ते आता? आणि तू जेवतोस कुठे?"

"इथेच. वर."

"कोणाबरोबर?"

त्याने सर्व्हरकडे पाहिलं आणि फोनवर आवाज नीट येत नसल्याचं सांगितलं.

आप्पांच्या यादीत एक नाव वाढवणं हे त्या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत छोटं काम होतं. 'भट्टी', 'तराजू', 'काच', 'नमुने', 'कॅन्टीन' यांच्यापुढे त्याने आपल्या संगणकाचं नाव लिहिलं आणि फाइल जपून ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याने डबा उघडला नाही. केस सारखे केले, डबा मांडीवर घेतला आणि स्क्रीनकडे बघत बसला. संदेश आला की उठायचं आणि सरळ खाली जायचं, असं त्याने ठरवलं होतं. न बोलावता जाणं बरं नाही. पण स्क्रीनवर बोलावणं आलं तर कोण काय म्हणणार? त्याने खाली खुर्च्या सरकल्याचा आवाज ऐकला. स्क्रीन कोरा होता. दारं वाजली. स्क्रीन कोरा. आपलं नाव यादीत घालूनही चालत नाही, म्हणजे दोष यादीत नसावा, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला. मग त्याने डब्याचं झाकण काढलं.

खाली सगळ्यांच्या स्क्रीनवर नेहमीचा संदेश उमटला होता आणि त्याखाली आणखी दोन ओळी होत्या.

'वरचा सापडत नाही.'

'माणूस सापडत नाही.'

"पहिलं काही नवीन नाही," तराजूवाले काका कॅन्टीनमध्ये बसता बसता म्हणाले. "वरचा कोणालाच सापडलेला नाही. भले भले शोधून दमले."

"पण माणूस सापडत नाही म्हणजे?" भट्टीवाल्या ताईंनी विचारलं. "कोणता माणूस?"

चेष्टा तिथेच थांबली. कोणीतरी टेबलाभोवतीची डोकी मोजली, ती बरोबर भरली. काचसामान धुणारा राहिला होता, तोही हात पुसत आला. आता कोणी उरलं नव्हतं. मग मावशी म्हणाल्या, "वरचा माणूस आहे की."

"तो येतो का जेवायला?"

"आजवर आला नाही."

"मग जेवतो कुठे?" त्याचं बरंवाईट तर झालं नाही ना, असं ताईंनी म्हटलं नाही, पण त्या उठल्या, आणि त्या उठल्या म्हणून बाकीचे उठले.

वर त्याला जिन्यावर पावलं ऐकू आली. एका माणसाची असती तर त्याला आनंद झाला असता. ही पुष्कळ होती. म्हणजे तक्रार मोठी होती. तोंडातला घास गिळून तो माफीची वाक्यं जुळवू लागला. दारात ताई, काका, काचसामान धुणारा आणि सगळ्यांच्या मागे पळीसकट मावशी उभ्या होत्या.

"तुम्ही इथेच आहात होय?" ताईंनी विचारलं.

"हो. का?"

"सापडत नाही म्हणून आलं स्क्रीनवर. आम्ही घाबरलो."

काय आलं, ते त्याने दोनदा विचारून घेतलं. मग त्याच्या लक्षात आलं, आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत तो लाल झाला. ज्या दोषावर त्याने बाईंना एवढं व्याख्यान दिलं होतं, त्याच दोषात तो स्वतःच्या नावानिशी जाऊन बसला होता. "मोकळी जागा आहे," तो समजावू लागला. "म्हणजे, वरचा आणि माणूस यांच्यामध्ये. स्क्रिप्टला वाटलं, दोघं वेगवेगळे आहेत. तिने दोघांना शोधलं. पाच मिनिटांत दुरुस्त करतो."

"आधी जेवा," मावशी म्हणाल्या. "गार होतंय. तो डबाही घ्या बरोबर."

जेवून वर आल्यावर त्याने आप्पांची फाइल उघडली. मधली मोकळी जागा काढून तिथे एक छोटी रेघ टाकली की काम झालं असतं. त्याने बोट कळीवर ठेवलं. काही वेळाने उचललं आणि फाइल आहे तशी बंद केली.

त्यालाही आता बराच काळ लोटला. रोज दुपारी निकाल जातात, सगळ्यांच्या स्क्रीनवर वरचा आणि माणूस सापडत नाहीत, आणि ताई जिन्याखाली उभ्या राहून हाक मारतात, "सापडलात का?" एकदा संचालकबाई तिथूनच चालल्या होत्या. त्यांनी थांबून विचारलं, एवढीशी चूक आहे, अजून दुरुस्त कशी होत नाही?

वरचा माणूस डबा घेऊन पायऱ्या उतरत होता.

"जुनी भाषा आहे, बाई," तो म्हणाला. "वेळ लागेल."